शेतकऱ्याचे घर : अखेरच्या कामांचा विचार आधी करावा

शेतकऱ्याच्या आयुष्यात स्वतःचे घर बहुधा एकदाच बांधले जाते. त्यासाठी तो वर्षानुवर्षे पैसा साठवितो, प्रसंगी कर्जही काढतो. भिंती उभ्या राहिल्या व वर छप्पर चढले की घर झाले, असे सर्वांस वाटते. परंतु तोवर हातचा पैसा संपलेला असतो, पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि गिलावा, जमीन, मोरी, धुराची वाट, दारे-खिडक्या ही कामे ‘पुढे पाहू’ म्हणून राहून जातात. मागाहून ती झालीच, तर भिंत फोडून करावी लागतात. वास्तविक घरातील माणसांचे आरोग्य, साठविलेले धान्य आणि वेळप्रसंगी जीवही याच कामांवर अवलंबून असतो. म्हणून जी कामे शेवटी करावयाची, त्यांचा निर्णय पाया खणण्यापूर्वी घेणे अगत्याचे आहे.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. बाहेरचा व आतला असे दगडांचे दोन थर, आणि मध्ये माती व दगडगोटे यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते. वर माळवदाचे ओझे होते. गळती थांबावी म्हणून माळवदावर वेळोवेळी मातीचा नवा थर चढविला जातो. हे काम डागडुजीचे म्हणून क्षुल्लक वाटते. परंतु प्रत्येक थराने ओझे वाढत जाते. हादरा बसताच भिंती फुगून फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर छप्पर कोसळले.

यास्तव दगडी भिंतीत दर २ फूट उंचीवर, एकमेकांपासून ४ फुटांहून अधिक अंतर न ठेवता, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावेत. भिंत १८ इंचांहून जाड करू नये. ज्यांचे जुने माळवद आहे, त्यांनी नवी माती टाकण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली जुनी माती उतरवावी.

खिडक्या व कोनाडे

खिडकी किंवा दार खोलीच्या आतील कोपऱ्यापासून निदान २ फूट दूर असावे. कोपरा हा भिंतीचा सांधा होय. त्यालगत भगदाड पाडले की भिंत दुबळी होते. कोनाडे, फडताळे व विजेच्या नळ्या यांच्या जागा आधीच खडूने आखून घ्याव्यात. तयार भिंत छिन्नीने फोडू नये.

उष्ण व कोरड्या भागात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या दहाव्या हिश्श्याइतके, तर कोकणासारख्या दमट भागात सहाव्या हिश्श्याइतके धरावे. १० फूट × १२ फूट खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट होते. तिला मराठवाड्यात ३ फूट × २ फूट अशा दोन खिडक्या पुरतात. त्या समोरासमोरच्या भिंतींत ठेवल्यास वारा खेळता राहतो.

धुराची वाट

घरात गॅस आला तरी भाकरीसाठी व पाणी तापविण्यासाठी चूल पेटतेच. चुलीच्या धुराने घरातील स्त्रियांचे व लहान मुलांचे डोळे आणि फुप्फुसे बिघडतात. म्हणून चुलीची जागा ठरवूनच स्वयंपाकघराची आखणी करावी. धुराचे नळकांडे छपरापार जाऊन त्याहून निदान २ फूट उंच निघावे. ते लाकडी वाशाला अगर गवताला चिकटू देऊ नये, आणि त्यातील काजळी वेळच्या वेळी काढावी.

गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागी हवी. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या जागेजवळ जमिनीलगत झरोका ठेवावा.

पाणी घरापासून दूर न्यावे

काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील घरास पाण्यासारखा शत्रू नाही. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरले की पाया हलतो आणि भिंतीस तिरक्या भेगा पडतात. छपराची वळचण दीड ते दोन फूट बाहेर काढावी. जोत्याभोवती ३ फूट रुंदीची फरसबंदी बाहेर उतार देऊन करावी आणि तिच्या कडेने गटार काढावे. मोरीच्या जमिनीस दर ४ फुटांस १ इंच उतार द्यावा. मोरीचे पाणी भिंतीशी साचू न देता शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्यावे.

जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरावा व तो थराथराने पाणी मारून चोपावा. मुरूम नीट बसला नाही तर वरची शहाबादी फरशी खचते, आणि तिच्याखाली उंदीर बिळे करतात.

गिलावा कोणता करावा?

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु माती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर आकसते; सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही. शिवाय आत शिरलेला ओलावा सिमेंटमुळे अडून राहतो. परिणामी गिलाव्याचे पोपडे पडतात. अशा भिंतीस माती, भुसकट व शेण यांचा गिलावाच योग्य होय. पावसाचा मारा सोसण्यासाठी मातीत डांबर मिसळून करावयाच्या गिलाव्याची रीत रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने शोधली आहे.

विटांच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केल्यास तो निदान ७ दिवस ओला ठेवावा. कोकणातील जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत नीट दर्जा भरल्या तर गिलाव्यावाचूनही टिकते. तेथे तो पैसा वाचवावा.

दारे व धान्य

धान्याच्या खोलीचे दार व उंबरा यांत पाव इंचापेक्षा अधिक फट राहू देऊ नये. दाराच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा व झरोक्यांना बारीक जाळी लावावी. उंदीर शिरले की धान्य जाते आणि त्यांच्या मागे सापही येतो. चौकटीचा जो भाग भिंतीत जावयाचा, त्यास आधीच डांबर लावावे, म्हणजे त्यास वाळवी सहसा लागत नाही.

कामांचा क्रम व पैशाचा हिशेब

छप्पर झाल्यावर प्रथम पाण्याच्या व विजेच्या नळ्या, मग आतला व बाहेरचा गिलावा, नंतर जमीन, त्यानंतर दारांच्या फळ्या आणि सर्वांत शेवटी चुना व रंग, असा क्रम ठेवावा. नव्या भिंतीस चुन्याचे तीन हात द्यावेत.

अंदाजपत्रकातील निदान चौथा हिस्सा या कामांसाठी प्रारंभीच वेगळा काढावा. तेवढ्याने घर बेताचे होत असेल तर तसेच बांधावे, पण पुरे करावे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट आहे. एवढ्या घरातही वरील सर्व सोयी बसतात.

पैसा कमी पडलाच तर जोत्याभोवतीची फरसबंदी, धुराची वाट, मोरी व दारे ही कामे आधी उरकावीत. बाहेरचा रंग, नक्षीचा कठडा, दर्शनी भागाच्या चकचकीत फरश्या यांस पुढील सुगीपर्यंत थांबता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घर मंजूर झालेल्या कुटुंबाकडे पाया खणण्यापूर्वी एकदा जावे. घरातील स्त्रियांसह सर्वांना बसवून चूल कोठे, मोरी कोठे, धान्य कोठे, हे जमिनीवर फक्कीने आखून दाखवावे. स्वयंपाक करणारीस विचारल्यावाचून स्वयंपाकघर आखू नये. या कामास तासाभराचा वेळ लागतो. परंतु त्याचा लाभ त्या घरात राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहतो.