बर्फाच्या देशातले डास

कॅनडाला जायचे नक्की झाले की नातेवाईक एकच गोष्ट बजावतात, थंडीचे कपडे घ्या. रत्नागिरीहून निघताना आम्हालाही स्वेटर, लोकरी मोजे आणि कानटोप्यांचाच आहेर झाला. कुणाच्या खालाने कुणाच्या हाती पाठवलेली गोधडीही त्यात होती. मच्छरदाणी घ्या, असे मात्र एकानेही सांगितले नाही. त्यात सांगणाऱ्यांचा दोष नाही. आम्ही ज्या विनिपेग शहरात आलो तिथे जानेवारीत पारा उणे ३० च्याही खाली जातो. अशा गावात डास जगतील, हे कोकणातल्या माणसाच्या मनात येणार तरी कसे!

परंतु कॅनडात डासांच्या ८० च्या आसपास जाती आहेत, आणि मॅनिटोबा प्रांतातला उन्हाळा त्यांच्यासाठीच आहे की काय असे जूनमध्ये वाटू लागते. वाचक भगिनींपैकी अनेकींची मुले, सुना, जावई आज कॅनडात आहेत किंवा जाण्याच्या तयारीत आहेत. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी हे डास जगतात कसे ते पाहू. इथल्या बऱ्याच जातींची अंडी सखल, ओलसर मातीत पडून राहतात. वरून बर्फ, खाली गोठलेली जमीन, तरी ती मरत नाहीत. एप्रिलमध्ये बर्फ वितळले की त्या खड्ड्यांत पाणी साचते आणि अंडी फुटतात. उन्हाळ्यात मोठा पाऊस झाला की पुन्हा नवी फौज. क्युलेक्स जातीच्या माद्या तर तळघरे, गटारे, बिळे अशा आडोशाला निपचित पडून अख्खा हिवाळा काढतात. त्यातून विनिपेगची जमीन परातीसारखी सपाट. हजारो वर्षांपूर्वी हा सगळा प्रदेश अगासिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ होता. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्या शहरातच मिळतात. पाणी वाहून जाणार कुठे?

ही तकलीफ आपल्याच वाट्याला आली असे समजायचे कारण नाही. विनिपेगच्या उत्तरेला कोमार्नो नावाचे खेडे आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युक्रेनमधून आलेले शेतकरी तिथे वसले. त्यांच्या भाषेत ‘कोमार’ म्हणजे डास. नव्या मुलुखात घर बांधले आणि गावाला नाव दिले ते डासांचे! १९८४ साली त्या गावाने डासाचा एक मोठा पोलादी पुतळाही उभारला. आम्ही मुलांना घेऊन तो पाहायला गेलो होतो. पुतळ्यासमोर फोटो काढायला उभे राहिलो तेव्हा खरे डास चावत होते, हे वेगळे सांगायला नको.

चेष्टेचा भाग इथे संपतो. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या धाकटीला बागेत डोळ्याजवळ डास चावला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. दुपारी चावला आणि संध्याकाळपर्यंत डोळा पूर्ण मिटला. दोन दिवसांनी नडगीवर चावला तर तिथे तळहाताएवढी लाल, गरम सूज. गावाकडे फोन केला तर नानीने नजर उतरवायला सांगितले, फुफी म्हणाल्या कोळी चावला असेल, एका शेजारणीने उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ केल्या. गावी चिपळूणच्या आजोळी हीच मुलगी पावसाळ्यात अंगभर डास चावून घेत असे आणि सकाळपर्यंत एक ठिपकाही दिसत नसे. मग इथे असे काय झाले, या विचाराने आमची रात्रभर झोप उडाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सूज पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “या देशात हिचा हा पहिलाच उन्हाळा का?”

या सुजेला इथे ‘स्कीटर सिंड्रोम’ म्हणतात. स्कीटर म्हणजे बोलीभाषेत डास. हे नाव योगायोगाने विनिपेगमधूनच आले. मॅनिटोबा विद्यापीठातील डॉ. एस्टेल सायमन्स आणि झिकांग पेंग यांनी १९९९ साली अशा काही मुलांची नोंद प्रसिद्ध केली. या मुलांची सूज सुरुवातीला जंतुसंसर्गाची वाटली होती, प्रत्यक्षात ती डासाच्या लाळेची ॲलर्जी होती. डास रक्त पिताना थोडी लाळ सोडतो. त्या लाळेतील प्रथिने शरीराला परकी असतात. कोकणातल्या डासांच्या लाळेची आपल्या शरीराला लहानपणापासून ओळख झालेली असते. मॅनिटोबातल्या डासांची जात वेगळी, लाळ वेगळी. म्हणून लहान मुले आणि नव्याने आलेली माणसे यांना हा त्रास जास्त होतो. एक-दोन उन्हाळे गेले की बहुतेकांचे शरीर सरावते. आमच्या मुलीचेही तसेच झाले, अल्हमदुलिल्लाह.

आयांनी एक फरक लक्षात ठेवावा. ॲलर्जीची सूज चावल्यापासून काही तासांतच येते. चावलेल्या जागी दोन-तीन दिवसांनंतर लाली पसरू लागली, दुखणे वाढले, पू दिसला तर तो संसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टर गाठावा. पहिल्या प्रकारात कापडात गुंडाळलेला बर्फ, डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेले ॲलर्जीचे औषध आणि कापलेली नखे एवढ्यावर भागते. खाजवून फोड फोडला की साध्याचे अवघड होते. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर शेजारणीचा सल्ला न घेता ९११ ला फोन करावा.

आता उपाय. आपल्या सवयीचे निम्मे उपाय इथे चालत नाहीत. गावाकडून आणलेले लिक्विडचे मशीन २३० व्होल्टचे, इथे भिंतीतून मिळतात ११०-१२०, ते नीट तापतच नाही. कासवछाप अगरबत्ती घरात लावली किंवा संध्याकाळी लोबानची धुनी केली तर छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागतो. आमच्या ओळखीच्या एका भाभींच्या इमारतीत या धुनीपायी सगळे मजले रस्त्यावर उतरले आणि अग्निशामक गाडी आली. शिवाय कीटकनाशक म्हणून विकायच्या प्रत्येक वस्तूची कॅनडा सरकारकडे नोंदणी लागते, डब्यावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तेव्हा खडू, पावडरी, फवारे बॅगेत भरून पाठवू नयेत.

खरा आधार जाळीचा. इथे बहुतेक खिडक्यांना बारीक जाळी असतेच, पण भाड्याच्या घरात ती फाटलेली असण्याची शक्यता मोठी. घर घेताना आपण स्वयंपाकघर पाहतो, कपाटे पाहतो. मे महिन्याआधी प्रत्येक जाळीवर बोट फिरवून पाहावे आणि घरमालकाकडून दुरुस्त करून घ्यावी. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून रात्रभरात दहा डास येतात. दुसरा आधार पंख्याचा. डास उडण्यात फार दुबळा असतो, वाऱ्याच्या झोतात त्याला टिकता येत नाही. इथल्या अनेक घरांत छताला पंखा नसतो, म्हणून उभा पंखा घ्यावा. तो मागच्या अंगणातही बसताना कामाला येतो. बाजारात आवाजाने डास पळवणारी यंत्रे मिळतात. त्यांवर पैसे घालवू नयेत, डासांना त्या आवाजाचे काही वाटत नाही. निळ्या दिव्यावर कीटक मारणाऱ्या यंत्रात पतंग-पाखरेच जास्त मरतात.

अंगाला लावायच्या औषधाबद्दल मात्र आपल्या बायकांच्या मनात उगाच भीती आहे. डीईईटी हे औषध अमेरिकेत १९४० च्या दशकात सैन्यासाठी तयार झाले आणि आजवर वापरात आहे. नियम पाळावेत म्हणजे झाले. कॅनडाच्या आरोग्य खात्याप्रमाणे सहा महिन्यांखालील बाळाला ते मुळीच लावायचे नाही, बाबागाडीवर जाळी टाकायची. सहा महिने ते दोन वर्षे या वयात १० टक्क्यांपर्यंतचे, दिवसातून एकदाच. दोन ते बारा वर्षे, तेच १० टक्क्यांचे, फार तर तीनदा. त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत. मुलांच्या तळहाताला आणि डोळ्यांभोवती लावू नये, ती बोटे तोंडात घालतात. दुसरे औषध इकारिडिन. ते २० टक्क्यांचे सहा महिन्यांपुढील मुलांना चालते, वासही कमी. डीईईटी चष्म्याच्या प्लॅस्टिक फ्रेमला आणि घड्याळाच्या काचेला खराब करते, इकारिडिन तसे करत नाही. उन्हाचे क्रीम लावायचे असेल तर ते आधी, डासांचे औषध नंतर.

कपड्यांच्या बाबतीत आपला पेहराव सोयीचा आहे. ढगळ, पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज डासांविरुद्ध इथल्या तोकड्या कपड्यांपेक्षा कितीतरी चांगला. पण तलम लॉनचे कापड अंगाला चिकटून बसले तर त्यातूनही डास चावतो. आणि त्याला गडद रंग आवडतो. संध्याकाळी बागेत काळ्या बुरख्यापेक्षा फिका रंग बरा, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

वेळेचे गणितही इथे बदलते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे आपण शाळेत मुलांकडून घोकून घेतले आहे. तो एडिस इजिप्ती डास या थंड प्रांतात नाही. इथला धोक्याचा क्युलेक्स सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत फिरतो. जूनअखेरीस विनिपेगचा सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. म्हणजे मगरिब आणि इशा या दोन्ही नमाजांना मशिदीत जाणारी माणसे नेमकी डासांच्या वेळेला घराबाहेर पडतात. त्यातच वुजू केला की हातापायांचे औषध धुऊन जाते. आमच्या घरी आता औषधाची बाटली चपलांच्या रॅकवर असते. वुजू करून बाहेर पडताना घोटे, मनगटे आणि मान यांना लावले की झाले.

हे सगळे केवळ खाजेसाठी सांगत नाही. युगांडातील वेस्ट नाईल भागात १९३७ साली सापडलेला एक विषाणू १९९९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. २००१ मध्ये तो कॅनडातील पक्ष्यांत आढळला आणि २००२ मध्ये इथे माणसांना त्याची लागण झाली. २००७ च्या उन्हाळ्यात देशभर २,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यातले बहुतेक आमच्याच या सपाट मैदानी प्रांतांतले. पक्ष्याला चावलेला डास माणसाला चावला की रोग येतो. दहापैकी आठ जणांना काहीच कळत नाही, काहींना ताप आणि अंगदुखी होते. शंभरात एकापेक्षाही कमी जणांच्या मेंदूपर्यंत तो जातो, पण ते बहुधा वयस्कर असतात, आणि माणसांसाठी लस नाही. आपल्याकडून आई-वडील, सासू-सासरे इथे उन्हाळ्यातच येतात. दिवसभर घरात कोंडल्यासारखे होते म्हणून बिचारे संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. त्यांना मोजे आणि औषध द्यावे, पंखा लावून द्यावा. “आम्ही आयुष्यभर मच्छरांत काढले” असे ते म्हणतील. तेव्हा हुज्जत न घालता बाटली हातात ठेवावी.

पाण्याबाबत आपले गावचे शिक्षण इथे जसेच्या तसे लागू पडते. नगरपालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, तो इथेही पाळावा. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. मुलांचा फुगवायचा पोहण्याचा टब, कुंड्यांच्या बशा, छपराची पन्हाळ, जुने टायर हे दर शनिवारी रिकामे करायचे काम आमच्या थोरल्याकडे आहे. बाकी शहराचे कीटक नियंत्रण खाते डबक्यांत अळीनाशक टाकते आणि सापळ्यांत किती डास सापडले याचे आकडे उन्हाळ्यात जाहीर करते. लोक ते हवामानासारखे चर्चेत घेतात. गवतातल्या गोचिडींचे प्रकरण निराळेच आहे, त्यांवर पुन्हा कधी लिहू.

एक बाब उरली, आणि ती इथल्यापेक्षा गावाकडची आहे. हिवताप कॅनडाला अगदी अपरिचित नव्हता. १८२६ ते १८३२ या काळात ओटावा ते किंग्स्टन हा रिडो कालवा खणताना शेकडो मजूर हिवतापाने मेले. तेव्हा लोक दलदलीच्या वाईट हवेला दोष देत. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तेव्हा खरा गुन्हेगार कळला. आज इथे हिवताप वसतीला नाही, इथल्या डॉक्टरांना तो क्वचितच दिसतो, आणि इथेच आपल्या कुटुंबांना धोका आहे. शाळेची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. लेकरे ऐन पावसाळ्यात मुंबईत उतरतात, तिथून कोकणात जातात. आई-बापांना वाटते, आपण तिथलेच, आपल्याला काय होणार. परंतु वारंवार ताप येऊन मिळालेली थोडीफार प्रतिकारशक्ती काही वर्षे दूर राहिले की ओसरते, आणि इथे जन्मलेल्या मुलांना ती मुळातच नसते. ती मुले तिथे पाहुणीच असतात.

म्हणून गावी जाण्याच्या चार-सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटून हिवतापाच्या गोळ्यांबद्दल विचारावे. गावी आजीने घातलेल्या मच्छरदाणीत झोपायला मुले कुरकुरली तरी तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. परत आल्यावर ताप आला तर, एका आठवड्याने असो वा सहा महिन्यांनी, कारण हिवतापाचा एक प्रकार यकृतात दडून उशिरा उलटतो, डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे, आम्ही अमुक तारखेला भारतातून आलो, रक्त तपासा. ही तारीख आम्ही फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवतो, धाकटीच्या ॲलर्जीच्या औषधाच्या मात्रेशेजारी.