जुन्या फियाटमधला उकाडा आणि खडखडाट

शेळीपालन, शिलाई, मसाले, कर्जाचा हप्ता हे आपल्या गटांच्या बैठकीतले नेहमीचे विषय. आजचा विषय जरा वेगळा आहे, जुनी मोटारगाडी. त्यात आपलं काय, असं कुणाला वाटेल. पण घरच्या गाडीत लेकराला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसतं कोण? घामाघूम होऊन, डोकं धरून उतरतं कोण? आपणच. शिवाय जुनी गाडी आतून थंड आणि शांत करायचं बरंचसं काम मापं घ्यायचं, बेतायचं, कापायचं आणि शिवायचं असतं. तेही आपल्या हातचंच.

उदाहरणाला आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. लोक तिला अजून फियाटच म्हणतात. गाडी मूळची इटलीची, पण आपल्याकडची घडली ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की डोळ्यांपुढे हीच येते. तिथल्या टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. हौसेनं जपलेल्या खासगी गाड्या मात्र अजून आहेत. कुणाच्या सासऱ्यांनी घेतलेली, कुणाच्या वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते, तेवढं कागदपत्रांचं आधी बघून घ्यावं.

आता मूळ प्रश्न. ही गाडी एवढी तापते आणि वाजते का?

उष्णता तीन वाटांनी आत येते. पहिली वाट इंजिनाची. इंजिन पुढे आहे, आणि त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये फक्त एक पत्र्याचा पडदा आहे. दुसरी वाट खालची. धुराचा नळ आणि सायलेन्सर गाडीच्या तळाखालून मागे जातात, त्यानं पायाखालचा पत्रा तापतो. तिसरी वाट वरची. टप उन्हात तापतं, आणि काचेतून ऊन आत शिरतं ते आत अडकतं. उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश जास्त उष्णता होऊ शकते. म्हणून लेकराला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा बसवून ठेवू नये.

आवाजाच्याही वाटा आहेत. काही आवाज भोकांतून आणि फटींतून सरळ आत येतो. काही आवाज पत्रा स्वतः करतो. रिकाम्या पिंपावर बोट वाजवलं तर ते घुमतं ना, तसा दाराचा, तळाचा, टपाचा मोकळा पत्रा इंजिनाच्या थरथरीनं घुमतो. घराला पत्र्याचं छत असलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. पहिला पाऊस आला की कळतंच.

आणि इथेच पैसे वाया जातात. लोक थेट दुकानातून महागडी शीट आणतात आणि गंजलेल्या पत्र्यावर चिकटवतात. भोकं तशीच राहतात, आवाज तसाच राहतो, आणि शीटखाली गंज वाढत जातो. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा : आधी दुरुस्ती, मग फटी, मग पत्रा, आणि गादी सगळ्यात शेवटी.

दुरुस्तीत पहिली धुराची. धुराचा नळ किंवा सायलेन्सर फुटला असेल तर आवाज वाढतोच, पण त्याहून मोठा धोका विषारी वायूचा आहे. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं ही त्याची लक्षणं. आपण म्हणतो, "मला गाडी लागते." दर वेळी ती गाडी लागणंच असेल असं नाही. उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटत असेल, किंवा गाडीतल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल, तर धुराची तपासणी झाल्याशिवाय त्या गाडीत बसू नये. डिकीचं रबर कुजलेलं असेल तर मागचा धूरही आत ओढला जातो. मेस्त्रीकडून नळाचे जोड, सायलेन्सर, इंजिनाखालची रबरं आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासून घ्यावेत. इंजिनाखालचं रबर बसलं की इंजिनाची थरथर सगळ्या गाडीत उतरते. तिथे कितीही गाद्या टाकल्या तरी उपयोग होत नाही. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापत असेल तर रेडिएटरही बघायला सांगावं.

दुसरं काम फटी शोधण्याचं. हे आपण घरी करू शकतो. रात्री एकीनं गाडीत अंधारात बसावं, दुसरीनं बाहेरून बॅटरीचा उजेड दारांच्या कडेनं आणि तळाखालून फिरवावा. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज, धूळ, पाणी आणि धूर सगळंच येतं. दारासाठी कागदाची पट्टी घ्या. ती मध्ये धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर बसलेलं आहे. इंजिनाकडच्या पत्र्यातून वायरी, केबल, पायाखालच्या दांड्या आत येतात. त्या भोकांना रबरी कड्या असतात. इतक्या वर्षांत त्या कडक होऊन तुटतात. त्या बदलायला फार खर्च नाही, पण फरक मोठा पडतो. गंजून पडलेलं भोक मात्र कापडानं किंवा एम-सीलनं बुजवू नये, तिथे पत्रा जोडूनच घ्यावा.

तिसरं काम पत्र्याचं घुमणं थांबवणं. पत्रा स्वच्छ करून, गंज काढून, रंग मारून वाळू द्यायचा. मग बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. जिथे टणटण घुमतो तिथे जड, चिकट शीट लावायची. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मोकळ्या भागाच्या मधोमध पाव ते अर्धा भाग झाकला तरी टणटणचं थपथप होतं. ही शीट दोन प्रकारची मिळते, डांबराची आणि ब्यूटाइल रबराची. डांबराची स्वस्त असते, पण आपल्याकडच्या उन्हात ती मऊ होते आणि वास मारते. ती टपाला आतून लावली तर सुटून लोंबायची भीती. म्हणून टपाला आणि दारांना ब्यूटाइलच घ्यावी. गच्चीची गळती बंद करायची डांबरी पट्टी गाडीत वापरू नये. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजू द्यायची नाहीत. ती बुजली तर दार आतून कुजतं.

ही शीट घुमणं थांबवते, उष्णता फारशी अडवत नाही. त्यासाठी तिच्यावर बंद छिद्रांचा फोम लागतो. हा फोम पाणी पीत नाही. गादीतला साधा स्पंज पाणी पितो आणि तळाला ओल धरून ठेवतो, म्हणून तो चालत नाही. चकचकीत ॲल्युमिनियमचा थर असलेला फोम घेतलात तर एक लक्षात ठेवा. चकाकी उष्णता परतवते ती समोर थोडी मोकळी हवा असली तरच. दोन थरांमध्ये चेपून बसवली तर तिचा उपयोग राहत नाही. थर्माकोल अजिबात नको. तो उष्णतेनं वितळतो आणि पेटला तर काळा, गुदमरवणारा धूर सोडतो. सायलेन्सरला, धुराच्या नळाला किंवा इंजिनाला लागून कुठलंच कापड, फोम, तागाचं पोतं ठेवायचं नाही.

सगळ्यात वरचा थर आपला, म्हणजे नमदा आणि गालिचा. लोकरीचा नमदा किंवा जाड घोंगडी इथे चांगली. ती आवाज शोषते, आणि लोकर सहजी पेट घेत नाही. पण ती ओल धरते, म्हणून काढून वाळवता येईल अशीच बसवायची. माप घेताना आधी वर्तमानपत्राचा कागद तळावर पसरून घडीच्या रेषा पाडाव्यात, त्यावर "डावी", "उजवी", "वरची बाजू" असं लिहावं आणि मगच कापड कापावं. ब्लाउजचा बेत जसा कागदावर काढतो, तसंच. ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा घट्ट बसलाच पाहिजे. तो सरकून ब्रेकखाली गेला तर जिवाशी खेळ आहे. शिवून झाल्यावर गाडी उभी असताना तिन्ही पॅडल पूर्ण दाबून बघायचे.

काम करताना बॅटरीची तार काढून ठेवावी. चिकटवायच्या सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. म्हणून दारं उघडी ठेवून, सावलीत काम करावं, जवळ बिडी-काडी नको. पेट्रोलचा वास येत असेल तर काम थांबवून आधी मेस्त्रीला बोलवावं.

बिनखर्चाचेही उपाय आहेत. गाडी सावलीत लावा. उन्हात लावावी लागली तर पुढच्या काचेला पांढरं किंवा चकचकीत कापड लावा, पण गाडी सुरू करण्याआधी ते काढा. बसण्याआधी दोन मिनिटं चारही दारं उघडी ठेवा. फियाटच्या पुढच्या दारांना छोटी तिकोनी काच असते. ती फिरवली की वारा आत वळतो. गाडीला रंग द्यायचाच असेल तर टप पांढरं केलेलं ऊन कमी पितं. काचेला फिल्म लावायची असेल तर नियम असा, की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. गडद काळी फिल्म लावली की दंड ठरलेला.

शिलाई करणाऱ्या गटांना यात कामही आहे. पायाखालचे गालिचे, टपाचं आतलं अस्तर, उभ्या गाडीवर घालायचं फिक्या रंगाचं कापडी आवरण, काचेचा पडदा. तालुक्याच्या गावी जुन्या गाड्या दुरुस्त करणारं गॅरेज असतंच. पत्र्याचं काम त्यांनी करावं, कापडाचं आपण. पहिल्यांदा एकाच गाडीचं काम घ्या, कागदाचे बेत जपून ठेवा. त्याच प्रकारची पुढची गाडी आली की निम्मा वेळ वाचतो. आणि काम घेताना मालकाला सरळ विचारा, धुराची आणि गंजाची तपासणी झाली का? झाली नसेल तर गालिचा थांबू द्या. वरून सुंदर आणि खालून फुटकी गाडी आपल्या हातून जायला नको, कारण मागच्या सीटवर आपल्यासारखीच कुणीतरी बसणार आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.