मशीनवर गोधडी शिवताना खांदे का भरून येतात?

हाताने गोधडी शिवताना ती जमिनीवर पसरलेली असते. तिचं वजन जमीन पेलते. मशीनवर ते कोण पेलणार?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या बाजूला एखाद्या जुन्या टेलरकडचं पायमशीन पाहा. मशीनचा सपाट तळ आणि लाकडी फळी एकाच पातळीत असतात, कापड कुठेच अडत नाही. घरातलं छोटं इलेक्ट्रिक मशीन मात्र टेबलावर ठेवलं जातं, म्हणून शिवायची जागा दोन-तीन इंच उंच होते. ब्लाउजला चालून जातं. पण जुन्या साड्यांचे चार-पाच थर असलेली वाकळ खाली लोंबते, कापड ओढलं जातं, टाके लहानमोठे पडतात, कधी सुईच मोडते. वजन हातांनी तोलायचं म्हटलं की खांदे गेलेच.

उपाय सुताराकडे आहे. टेबलात मशीनच्या मापाचा चौकोन कापायचा आणि खाली फळी टांगून मशीन त्यात उतरवायचं. माप आधी पुठ्ठ्यावर काढून बघावं. चाक फिरवता येईल, बॉबिन बदलता येईल, वायर चेपणार नाही एवढी जागा सोडायची. घाईत नेमकं हेच राहून जातं. फळी लांब बोल्टांवर टांगली तर नट फिरवून उंची जुळवता येते. डावीकडे आणि मागे टेबल ऐसपैस हवं, गोधडी तिकडेच पसरते.

घरात जुनं पायमशीन पडून असेल तर सुतारही नको. त्याला तेलपाणी करून मोटर बसवता येते.