बहिणाबाईंचे आत्मनिवेदन : गुरुकृपा आणि स्वत्व

बंगळूरमधील एचएसआर लेआउट या वसाहतीत एका कन्नड स्नेह्यांच्या घरी संतकवयित्रींविषयी बोलणे चालले असता त्यांनी एक प्रश्न केला. बाराव्या शतकातील अक्कमहादेवीने घराचा व वैभवाचा त्याग केला, वस्त्रही टाकले आणि कल्याण गाठले; तेथे अल्लमप्रभूंच्या कठोर प्रश्नांना ती न डगमगता सामोरी गेली. तुमच्या बहिणाबाई मात्र मार खाऊनही पतीच्या घरीच राहिल्या. आपले खरे रूप प्रकट करण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते, असे कशावरून म्हणावे? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही.

बहिणाबाई (१६२८–१७००) वेरूळजवळच्या देवगावच्या. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या.) बालपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. पती वेदाभ्यासी ब्राह्मण होते. कोल्हापुरास वास्तव्य असता जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग कानी पडले आणि त्या मुलीस तुकारामांचा ध्यास लागला. कीर्तनातील एका प्रसंगावरून लोकांत बोभाटा होताच पतीने तिला बांधून मारले. पुढे १६४७ मध्ये स्वप्नात तुकारामांनी तिला उपदेश केला. ही तिथी बहिणाबाईंनी स्वतःच अभंगात नोंदविली आहे.

या स्वप्नाचे महत्त्व केवळ चमत्कार म्हणून मानणे मला अपुरे वाटते. स्वप्नाला साक्षीदार नसतो. मठ, मंत्रविधी, जातीची मान्यता यांपैकी कशाचाही आधार नसताना ‘मला गुरू लाभला’ असे म्हणावयाचे, तर ते केवळ स्वतःच्या अनुभवाच्या बळावरच म्हणावे लागते. खुद्द तुकारामांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. म्हणजे शिष्येने गुरूकडून उपदेशाबरोबर अनुभवावर विसंबण्याची ही रीतही घेतली. पतीचा संताप नेमका येथेच होता: आपली ब्राह्मण पत्नी एका शूद्राला गुरू मानते, आणि तेही स्वप्नाच्या भरवशावर! त्यांनी तिला सोडून तीर्थयात्रेस जाण्याचे ठरविले. मग आजारपणात मन पालटले आणि दोघे देहूस आली. देहूत मंबाजीने आपले शिष्यत्व पत्करावे म्हणून छळ मांडला, तेव्हाही बहिणाबाई ढळल्या नाहीत.

तेव्हा गुरुकृपेने त्यांना दिले काय? घराबाहेरची वाट नव्हे. बोलण्याचा अधिकार दिला. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर यांच्यामार्गे तुकारामांपर्यंत येणारी परंपरा त्यांनी अभंगात गुंफली आणि तिच्या शेवटी स्वतःस उभे केले. वेदांची कवाडे स्त्रीला बंद आहेत, ही खंत ज्यांनी उघड मांडली, त्यांनीच ब्राह्मण कोणास म्हणावे याचा विचार करणारी ‘वज्रसूची’ मराठी अभंगांत आणली. शूद्र गुरूची ब्राह्मण शिष्या हा विषय हाती घेते, तेव्हा तो केवळ शास्त्रचर्चेचा राहत नाही.

पतिव्रताधर्माचे अभंग मात्र आजच्या वाचकास खुपतात. ती माघार आहे, असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही, आणि त्या अभंगांचे समर्थनही मी करणार नाही. त्यांतील ताण खरा आहे. पतीला देव मानावयाचे आणि विठ्ठलालाही सोडावयाचे नाही, ही ओढाताण त्यांनी लपविली नाही वा खोटी सोडवणूकही दाखविली नाही. अक्कमहादेवीने लौकिक पतीचे नातेच नाकारले. बहिणाबाईंनी ते ठेवून त्यातील मारहाण, अपमान व संशय शब्दांत उतरविले. सतराव्या शतकातील गृहिणीने आपल्या घरातील मार स्वतःच्या नावाने अभंगात सांगावा, ही गोष्ट मराठीत दुर्मीळच.

अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या बारा पूर्वजन्मांची हकिकत सांगितली. ऐकणारा त्यांचा मुलगा विठोबा होता. आणि त्याच गाथेत त्याच्या पित्याने उगारलेला हातही नोंदलेला आहे.