पडद्यावरची मराठी का बिघडते?

पन्हाळ्यावर शिक्षक असलेल्या माझ्या एका मित्राचे गेल्या पावसाळ्यात ई-मेलने पत्र आले. उघडून पाहिले तर त्यात मराठीचे एकही अक्षर नव्हते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापुढे चार बारीक पाय फुटलेले एक वर्तुळ, मग आणखी एखादी खूण. आणि ओळींमागून ओळी हेच पुन्हा पुन्हा. सोबत एक फाइल जोडली होती. तीही अगम्यच, पण निराळ्या तऱ्हेने. तिच्यात साधी रोमन अक्षरे, कंस, आकडे आणि स्वल्पविराम यांची खिचडी होती.

फोन केल्यावर उलगडा झाला. त्याच्या शाळेतील एका जुन्या गुरुजींनी गडाच्या उतारांवरील झाडाझुडपांची स्थानिक नावे, ती कुठे सापडतात आणि लोक त्यांचा काय उपयोग करतात याची यादी अनेक वर्षे खपून जमवली होती. २००१ च्या सुमारास कोणीतरी ती संगणकावर टंकून दिली. आता गुरुजी नाहीत आणि त्यांच्या वह्याही नाहीत. राहिली ती ही फाइल. "ती खराब झाली आहे, पुसून टाकू का?" एवढेच मित्राने त्या पत्रात विचारले होते!

फाइल खराब झालेली नव्हती, पत्रही नव्हते. दोन्हींचे दुखणे मात्र वेगळे होते, आणि औषधही वेगळे.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. अशा एखाद्या कोठारातील कप्प्यांवर फक्त क्रमांक आहेत आणि कोणत्या कप्प्यात भात, कोणत्यात नाचणी हे कारकुनाच्या वहीत लिहिले आहे, असे समजा. कोणी भलतीच वही घेऊन आत शिरला तर तो भाताला नाचणी म्हणेल. धान्य जागच्या जागी असते. वही चुकलेली असते.

आधी पत्राचे पाहू. आज जगातील बहुतेक संगणक 'युनिकोड' ही सामाईक वही वापरतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. 'प' चा क्रमांक २३४६, 'ळ' चा २३५५. पण संगणकाच्या एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच अंक मावतात. त्यामुळे २३४६ ही संख्या तुकडे करून लिहावी लागते. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी १९९२ साली आखलेल्या 'यूटीएफ-८' या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'प' साठी २२४, १६४, १७० आणि 'ळ' साठी २२४, १६४, १७९.

आता 'पन्हाळा' हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे. संगणकाच्या हिशेबाने प, न, हलन्ताची खूण, ह, काना, ळ, काना अशी सात चिन्हे. म्हणजे एकवीस बाइट. पत्र वाचणाऱ्या आज्ञावलीने पश्चिम युरोपीय भाषांची जुनी वही उघडली, तर ती एकेका बाइटला एकेक अक्षर समजते. त्या वहीत २२४ म्हणजे तिरक्या रेघेचा 'ए' आणि १६४ म्हणजे ते पाय फुटलेले वर्तुळ. सात चिन्हांच्या जागी एकवीस खुणा उमटतात (एखादी डोळ्यांना दिसतही नाही). त्यांत 'न्हा' मधल्या हलन्ताच्या जागी जपानी येनचे चिन्ह येते, कारण तिथे मधला बाइट १६४ ऐवजी १६५ असतो.

असे होते कशामुळे? १९८२ साली ठरलेले ई-मेलचे नियम फक्त १२८ चिन्हांपुरते, म्हणजे इंग्रजीपुरते होते. इतर लिप्यांची सोय १९९२ च्या 'माइम' नियमांनी झाली. तेव्हापासून पत्राच्या माथ्यावर कोणती वही वापरायची याची एक चिठ्ठी असते. ही चिठ्ठी गळाली किंवा चुकली की घोटाळा. मित्राने एका फार जुन्या आज्ञावलीतून पत्र पाठवले होते. संगणकावर बसवलेल्या टपालाच्या काही आज्ञावल्यांत 'एनकोडिंग' असा पर्याय असतो. तिथे 'यूटीएफ-८' निवडल्याबरोबर पत्र स्वच्छ दिसले. मात्र बिघडलेला मजकूर तसाच उचलून दुसरीकडे चिकटवू नये. मग चुकीची अक्षरेच खरी म्हणून साठवली जातात.

हे वर्गात करून दाखवता येते. 'नोटपॅड'मध्ये फक्त 'पन्हाळा' लिहा आणि 'यूटीएफ-८' निवडून फाइल साठवा. फाइलच्या माहितीत आकार २१ बाइट दिसेल (जुन्या नोटपॅडमध्ये २४, कारण तो आरंभी तीन बाइटांची एक खूण स्वतःच घालतो). मग तोच शब्द 'एएनएसआय' निवडून साठवा. संगणक धोक्याची सूचना देईल, तिकडे दुर्लक्ष करा आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा. सात प्रश्नचिन्हे दिसतील. इंग्रजीच्या वहीत 'प' ला जागाच नसल्याने संगणकाने त्याजागी प्रश्नचिन्ह ठेवून मूळ क्रमांक टाकून दिला. यावर उपाय नाही; पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावे लागते. उलट मजकुराऐवजी रिकामे चौकोन दिसले तर काळजी नको. क्रमांक शाबूत असतात, ते अक्षर काढून दाखवणारा फाँट तेवढा आपल्या संगणकावर नसतो.

गुरुजींच्या फाइलचा रोग आणखी जुना. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे मानक ठरवले होते. पण त्या काळातील विंडोजला देवनागरी जुळवता येत नव्हती. ती सोय २००० च्या विंडोजमध्ये 'मंगल' फाँटबरोबर आली. दरम्यान छापखान्यांचे काम थोडेच थांबणार? श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फाँटांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्या जागांवर त्यांनी मराठी अक्षरांचे आणि त्यांच्या तुकड्यांचे आकार बसवले. संगणकाला वाटे, हा इंग्रजी मजकूर आहे. माणसाला दिसे मराठी. त्या युक्तीवर आपली वर्तमानपत्रे, पुस्तके आणि प्रश्नपत्रिका अनेक वर्षे निघाल्या, म्हणून तिला नावे ठेवण्याचे मला धाडस होत नाही. पण वह्या अनेक झाल्या. फाँट नसला की रोमन खिचडी उरते.

कोल्हापुरात टंकलेखन आणि मांडणीची कामे करणाऱ्या एका दुकानातील जुन्या संगणकावर तो फाँट सापडला आणि यादी वाचता आली. तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मोडी जाणणारा आजही वाचतो. इथे पंचवीस वर्षांच्या आतबाहेरच्या मजकुरासाठी दुकाने पालथी घालावी लागली. (त्या मोडीलाही युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली आहे.)

पुढचे काम रूपांतराचे. त्यासाठी आज्ञावल्या मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. 'निर्गुडी' हा शब्द पाहा. जुन्या फाँटात चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: आधी वेलांटी, मग न, मग ग, त्याचा उकार आणि नंतर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: न, वेलांटी, र, हलन्त, ग, उकार. ही अदलाबदल नीट झाली नाही की वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते. आमच्या पहिल्या प्रयत्नात हिरडा, शिकेकाई, निर्गुडी सगळ्यांचे तेच झाले. दुसऱ्या आज्ञावलीने वेलांट्या नीट बसवल्या, पण 'दऱ्यांत आढळते' चे 'दर्यांत आढळते' केले आणि पन्हाळ्याला समुद्र आला! मराठीचा हा अर्धा र हिंदीपुरता विचार करणाऱ्या आज्ञावल्या हमखास विसरतात.

शब्द शोधतानाही अशीच फसगत होते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी 'अ' वर चंद्र देऊन ते लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण क्रमांक वेगळे. म्हणून 'ॲल्युमिनिअम' शोधले तर जुन्या टिपणांतले कधीकधी सापडत नाही.

दोनशेहून अधिक नावांची ती यादी आता युनिकोडमध्ये आहे. तिची एक प्रत आम्ही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली आणि एक कागदावर छापून शाळेच्या ग्रंथालयात दिली. तीन नावे अजून लागत नाहीत. तिथे चूक रूपांतराची नाही, मुळात टंकणाऱ्यानेच ती केलेली दिसते. पाऊस उघडल्यावर मित्र मुलांना घेऊन उताराखालच्या वाड्यांत जाणार आहे, तेव्हा ती विचारून घेईल.