पद्मिनीला हवा किती?

2023 साली मुंबईच्या टॅक्सी-थांब्यांवरून पद्मिनी गेली; आता ती उरली हौशी मंडळींच्या गॅरेजात. पंपावर ‘किती पौंड?’ असं विचारलं, की मालक पुस्तिकेतला आकडा बेधडक सांगतात. आकडा खोटा नाही, पण तो त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरसाठीचा. रेडियल बसवले असतील, तर टायर-कंपनीकडूनच आकडा घ्यावा. रेडियलची बाजू जराशी फुगलेलीच दिसते. ती पाहून उगाच हवा वाढवू नये. मोजावी टायर गार असताना. मग झीज पाहावी: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर जास्त. एकाच अ‍ॅक्सलवर मात्र दोन जातींचे टायर नकोतच. पावसात वळणावर गाडी बिथरते, आणि मागे मुलंबाळं बसलेली असतात. आणि हो, स्टेपनीतली हवा शेवटची कधी पाहिलीत?