पाण्याच्या वाटेवरची मोकळी जागा

नगर-मनमाड रस्त्याने शहराबाहेर निघालं की सावेडी मागे पडते, सीना नदीचा पूल लागतो आणि पुलापलीकडे नागापूर सुरू होतं. एके काळचं नदीकाठचं गाव, मग एमआयडीसीचं गाव, आता अहिल्यानगर महापालिकेचं उपनगर. कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या या वस्तीत गेल्या काही दशकांत शेतांचे बिगरशेती प्लॉट झाले, प्लॉटांच्या कॉलन्या झाल्या. प्रत्येक लेआउटच्या नकाशावर हिरव्या रंगाने भरलेला एक तुकडा असतो. लोक त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. त्या तुकड्याचं पुढे काय होतं, यावर नागापूरचे येणारे उन्हाळे कसे जातील ते बरंचसं ठरणार आहे.

अहिल्यानगर शहर मुळात बागेपासून सुरू झालं. 28 मे 1490 रोजी अहमद निजामशहाने इथे बहामनी सैन्याचा पराभव केला आणि त्या जागी ‘बाग निजाम’ नावाची बाग व महाल उभा केला. पुढे तिथेच भुईकोट किल्ला झाला. नागापूरच्या पुलाअलीकडे, सावेडीच्या बाजूला, भिस्तबाग महालाचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभीची ही ‘हश्त बिहिश्त’ बाग, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. मधोमध तलाव, तलावात अष्टकोनी महाल. पाणी यायचं शेंडी आणि वडगावकडून, जमिनीखालच्या खापरी नळांतून. शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेला, 1583 मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महालही तलावातच उभारलेला होता.

या बागांकडे आपण राजेरजवाड्यांचा शौक म्हणून पाहतो. मला त्यांच्यात सर्वांत मोलाची वाटते ती कामाची रीत. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि पुष्कळदा मोजक्याच दिवसांत. अशा मुलखात बाग करायची तर पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि जास्तीचं कुठे जाईल, हे आधी ठरवावं लागतं. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, चुन्याने सांधून, जमिनीच्या उताराचाच उपयोग करून त्या कारागिरांनी शहराभोवतालच्या गावांतून पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही. झाडं नंतर लावली.

आज नेमका उलटा क्रम चालतो. सरकारी नियम तसा चांगला आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत लेआउट करायचा असेल, तर 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. पण ती कुठे ठेवायची? विकासक आधी रस्त्याकडेचे चांगले प्लॉट पाडतो आणि जो वेडावाकडा कोपरा विकला जाणार नाही तो मोकळा दाखवतो. ओढा मात्र प्लॉटांच्या मधून जातो. मग तो आधी अरुंद होतो, नंतर सिमेंटच्या पाइपात जातो आणि शेवटी त्यावर रस्ता होतो. जोराचा पाऊस झाला की पाणी जुनी वाट शोधत घरांत शिरतं. ओढ्याची दोन्ही काठांसह पट्टी हीच लेआउटची मोकळी जागा धरली, तर तिथे चालायची वाट होईल, झाडं होतील आणि पुराचं पाणीही मावेल. जागा तेवढीच लागेल.

सीनेच्या काठाला तर नियमाचं बळ आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई असते. उद्यान, मैदान, शेती असे मोकळे वापर तेवढे चालतात. म्हणजे नागापूरची सर्वांत मोठी बाग नदीने आधीच आखून दिली आहे. सीना वर्षातले बरेच महिने नाल्यासारखी वाहते, म्हणून तिची ताकद विसरायला होते. तिचं पाणी कल्याण रस्त्याच्या पुलावर आलं आणि वाहतूक थांबली की ती आठवते. भराव टाकून, भिंत बांधून नदीकाठ सुशोभित करण्याचा मोह अशा वेळी फार होतो. सिंगापूरने याच्या उलट केलं. बिशान-आंग मो कियो उद्यानाशेजारी कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा होता. तो तोडून 2012 पर्यंत सुमारे तीन किलोमीटरची वळणावळणाची मातीच्या काठांची नदी केली. पूर आला की पाणी गवतावर पसरतं, ओसरलं की मुलं पुन्हा तिथे खेळतात. आपल्याजवळचं उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचं. तिथे महापालिका, स्वयंसेवी संस्था आणि उद्योग एकत्र आले, कचरा काढला, काठावर देशी झाडं लावली आणि नदीकडे पाठ फिरवलेलं शहर काठावर फिरायला येऊ लागलं. पावसाच्या बाबतीत तो मुलूख नगरहून फार वेगळा नाही.

आता बांधकामाकडे येऊ. मंजूर निधीतून ओपन स्पेसवर जे होतं ते ठरलेलं असतं: कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, ओपन जिम, एका बाजूला सभामंडप आणि मध्ये हिरवळ. यातल्या पेव्हर ब्लॉकची आणि हिरवळीची मला खरी काळजी वाटते. ब्लॉकखाली दाबलेला थर असतो, पाणी मुरत नाही, आणि एप्रिलमध्ये ती जमीन संध्याकाळनंतरही धगधगत राहते. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज निदान 5 लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटरला 5,000 लिटर. नागापूरच्या नळाला येणारं पाणी मुळा धरणातून उपसून आणलेलं असतं. ते हिरवळीवर ओतणं या तालुक्याला परवडणारं नाही.

पायवाट मुरमाची करावी. आपल्याकडे कठीण काळ्या दगडावर मुरूम असतो आणि त्यातून पाणी चांगलं मुरतं. नदीलगतच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरची फरशी उखडते आणि भिंतीला तडे जातात. तिथे जड बांधकामाऐवजी झाडं, गवत आणि मैदान शोभतं. बागेचा मधला भाग रस्त्यापेक्षा वीतभर खोल ठेवला आणि कर्बमध्ये ठिकठिकाणी फटी सोडल्या, तर रस्त्यावरचं पावसाचं पाणी आत येतं. आज बहुतेक बागा भराव घालून उंच केलेल्या असतात, त्यामुळे बागेतलंच पाणी रस्त्यावर येतं. काठाला सिमेंटची भिंत घालण्यापेक्षा कोरड्या दगडांचं पिचिंग करावं. सांध्यांतून पाणी झिरपतं, गवत उगवतं आणि एखादा दगड निसटला तर गावातला गवंडी तो परत बसवू शकतो.

झाडांचा खड्डा जवळून पाहण्यासारखा असतो. वृक्षारोपणाच्या दिवशी दीड वीत खोल उकरून रोप खुपसलेलं पुष्कळदा दिसतं. मुरमात असा खड्डा म्हणजे रोपाला कुंडीच. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा उन्हाळ्यातच घ्यावा, उन्हात तापू द्यावा, तळाशी पालापाचोळा, वर पोयटा आणि शेणखत. रोप पुरुषभर उंचीचं, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावायचं. बुंध्याभोवती आळं, आळ्यात पाचोळ्याचं आच्छादन, शेजारी तळाला छिद्र पाडलेलं मडकं. आणि तीन उन्हाळे पाणी. हे तीन उन्हाळे ठेक्याच्या रकमेत धरलेले नसतील, तर लावलेलं झाड फक्त फोटोत जगतं.

कोणती झाडं, याचं उत्तर शिवारात आहे. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, उंबर, हिवर, बोर, आपटा, बहावा. ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस लावण्याची लाट मध्यंतरी आली. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आहेत ती जुनी झाडं सांभाळणं तर नव्या लागवडीहून मोठं काम आहे. 2021 च्या दुरुस्तीने राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळालं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या गल्लीतल्या कडुनिंबाच्या गळ्याशी आलेले ब्लॉक काढायला लवादाची गरज नाही, एक पहार पुरते.

पाण्याचा मोठा साठा तर कारखान्यांच्या छपरांवर पडतो. 5,000 चौरस मीटरच्या शेडवर सरासरी पावसाच्या वर्षात साडेसत्तावीस लाख लिटर पाणी येतं. त्यातलं 80 टक्के धरलं तरी 22 लाख लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 220 टँकर. स्वच्छ छपरावरचं हे पाणी एमआयडीसीतल्या मोकळ्या पट्ट्यांत, तळ्यांत आणि शोषखड्ड्यांत नेता येईल. मात्र तेल-रसायनं सांडणाऱ्या अंगणातलं पाणी त्यात मिसळता कामा नये. ते प्रक्रिया केंद्राकडेच गेलं पाहिजे, नाहीतर नागापूरच्या विहिरी नासतील.

हे सगळं करायला जागा हातात राहायला हवी, आणि बागांच्या आरक्षणांनाही मुदत असते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपतं. बाग गेल्याचं रहिवाशांना कळतं ते पायाचे खड्डे खणायला लागल्यावर.

म्हणून नागापूर आणि शेजारच्या बोल्हेगावच्या रहिवाशांना एक विनंती. यंदा दिवाळीनंतर कॉलनीतल्या चार जणांनी मिळून नगररचना विभागात जावं. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा, विकास आराखड्यातली आरक्षणं आणि सीनेच्या पूररेषा यांच्या प्रती मागाव्यात. मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करावा. नकाशा हातात घेऊन ओपन स्पेस पायी फिरून पाहावी आणि पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं ते त्यावर पेन्सिलने काढावं. नगरसेवकाकडे मागणी करताना ते रेखाटन सोबत न्यावं, आणि पेव्हर ब्लॉकच्या आधी पाण्याच्या वाटेसाठी पैसे मागावेत.